घबराटीच्या केसपेपरवर चहा-कॉफीची नोंद हवीच

अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सिलोसायबिनवर गेली अनेक वर्षे संशोधन चालू आहे. काही विशिष्ट जातींच्या अळंब्यांत सापडणारे हे द्रव्य माणसाची जाणीव काही तासांपुरती पार बदलून टाकते. प्रयोगात भाग घेणाऱ्यांसाठी अटींची लांबलचक यादी असते. घरात कुणाला स्किझोफ्रेनियासारखा आजार होता का, रक्तदाब किती आहे, कोणती औषधे चालू आहेत, सगळे तपासले जाते. या यादीत एक साधीशी अटही आहे. प्रयोगाच्या दिवशी सकाळी, केंद्रावर येण्यापूर्वी, तुम्ही रोज जेवढा चहा किंवा कॉफी घेता साधारण तेवढीच घ्या. रोज घेत नसाल, तर त्या दिवशीही घेऊ नका.

ही अट घालण्यामागे रोलंड ग्रिफिथ्स या संशोधकाचा आयुष्यभराचा अभ्यास होता. सिलोसायबिनकडे वळण्यापूर्वी त्यांनी कितीतरी वर्षे चहा-कॉफीत असणाऱ्या कॅफिन या उत्तेजक द्रव्यावर काम केले. कॅफिन बंद झाल्यावर शरीरात काय होते, याचा लॉरा ज्युलियानो यांच्यासह त्यांनी घेतलेला मोठा आढावा २००४ साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोके दुखू लागते, थकवा येतो, चिडचिड होते, लक्ष लागत नाही, आणि हे दोन ते नऊ दिवस चालू शकते. दिवसाला शंभर मिलिग्रॅमसारख्या किरकोळ सवयीनंतरही हे घडते. २०१३ साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा कॅफिन सुटल्यावरच्या या त्रासाला निदान म्हणून जागा मिळाली. त्याच्या बरेच आधी, १९९० च्या दशकात, ग्रिफिथ्स सिद्धयोगाच्या ध्यानाकडे वळले होते. म्हणजे आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या गणेशपुरीहून स्वामी मुक्तानंदांनी जगभर नेलेली ध्यानपद्धती. त्या ध्यानातून जाणिवेविषयी जे प्रश्न पडले, त्यांनीच आपल्याला सिलोसायबिनपर्यंत आणले, असे ते सांगत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये ते गेले.

जाणीव ढवळून काढणाऱ्या द्रव्याचा परिणाम मोजायचा असेल, तर त्या दिवशी शरीरात कॅफिन किती आहे हे आधी ठाऊक हवे, एवढी साधी शिस्त या माणसाने पाळली. आपल्याकडे छातीत धडधड, हातांना कंप, झोप नाही, अकारण भीती अशा तक्रारी घेऊन रोज किती माणसे दवाखान्यात जातात. त्यांच्या केसपेपरवर रक्तदाब असतो, साखर असते, थायरॉइड असते. चहा-कॉफी नसते. ती असायलाच हवी, आणि ज्यांच्या हाती आपण एनर्जी ड्रिंकच्या, म्हणजे कॅफिनच्याच, बाटल्या बिनदिक्कत देतो त्या मुलांबाबत कायद्याने वयाची अट घालायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

कॅफिन करते काय ते आधी पाहू. आपण जागे असतो तसतसा मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि 'आता थांब, थकलास' असा निरोप देतो. कॅफिनचा रेणू ॲडिनोसिनच्या जागा अडवून बसतो. निरोप पोचत नाही, म्हणून थकवा जाणवत नाही. थकवा गेलेला मात्र नसतो. त्याचबरोबर ॲड्रेनलिनचे प्रमाण वाढते, हृदयाला चाबूक बसतो, रक्तदाब थोडा चढतो, तळहात ओलसर होतात. भीती वाटते तेव्हाही शरीरात नेमके हेच घडते. मन शरीराचे निरोप वाचत असते, आणि छाती धडधडते आहे असे कळल्यावर ते कारण शोधू लागते. उद्याची परीक्षा, साहेबाचा फोन, आईचे आजारपण, कारण कुठले ना कुठले सापडतेच. मग त्या कारणाची खरीखुरी काळजी सुरू होते, आणि काळजीने धडधड आणखी वाढते.

सिलोसायबिन किंवा एलएसडीसारख्या सायकेडेलिक द्रव्यांच्या अमलाखाली हीच गोष्ट कितीतरी मोठी होते. ती द्रव्ये मेंदूत निरोप पोचवणाऱ्या सेरोटोनिन या पदार्थाच्या एका विशिष्ट ग्राहकावर (रिसेप्टरवर, म्हणजे तो पदार्थ जिथे जाऊन बसतो त्या जागेवर) काम करतात, कॅफिनचा रस्ता वेगळा. पण दोन्ही रस्ते एकाच छातीत येऊन मिळतात. सिलोसायबिनने मुळातच नाडी आणि रक्तदाब वाढतो. त्या अवस्थेत प्रत्येक संवेदनेला प्रचंड अर्थ चिकटतो. एरवी दुर्लक्ष केले असते ती धडधड 'मी आता मरतो आहे' असा साक्षात्कार होऊन समोर उभी राहते. ग्रिफिथ्स यांच्या २००६ सालच्या प्रसिद्ध अभ्यासात छत्तीस निरोगी माणसे होती. आधी अनेक तासांची तयारी, शेजारी प्रशिक्षित सोबती, डोळ्यांवर पट्टी, निवडलेले संगीत, सगळी काळजी घेतलेली. बहुतेकांना तो अनुभव आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण अनुभवांपैकी वाटला. तरीही छत्तीसपैकी अकरा जणांना त्या काही तासांत कधी ना कधी तीव्र भीतीने गाठले. एवढ्या बंदोबस्तात ही गत, तर रात्रभर जागून, उन्हातान्हात नाचून, पाण्याऐवजी एनर्जी ड्रिंकच्या बाटल्या रिचवून, कुणी दिलेला एलएसडीत भिजवलेला कागदाचा तुकडा जिभेवर ठेवणाऱ्या पोराचे काय होत असेल? ही द्रव्ये आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने बंद आहेत, आणि मी त्यांची भलामण करत नाही. माझे म्हणणे इतकेच की भीतीच्या या हिशेबात कॅफिनला शून्य धरणे चूक आहे.

हे सायकेडेलिकचे प्रकरण मूठभरांचे. चिंतेचे प्रकरण घरोघरचे आहे.

१९७४ साली जॉन ग्रेडन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञाने एक निबंध लिहिला. चिंतारोग आणि कॅफिनचा अतिरेक यांत फरक ओळखता येत नाही, असा त्याचा विषय. त्यातली एक रुग्ण सत्तावीस वर्षांची परिचारिका होती, नवरा सैन्यात डॉक्टर. तिला चक्कर यायची, अंग थरथरायचे, धाप लागायची, नाडी मधूनच चुकायची. तपासण्यांत काही निघाले नाही. नवऱ्याची व्हिएतनामला बदली होईल या भीतीने हे होत असावे, असे निदान झाले. ऐकायला किती पटण्याजोगे! युद्ध चालू आहे, नवरा सैन्यात आहे, बायको घाबरणारच. पण त्या बाईला ते पटले नाही. तिने आपल्या रोजच्या खाण्यापिण्याचा माग काढायला सुरुवात केली, आणि लक्षात आले की घरी कॉफी गाळण्याचे नवे भांडे आल्यापासून त्रास सुरू झाला आहे. कॉफी इतकी छान होत होती की ती दिवसाला दहा-बारा कप पिऊ लागली होती. तिने कॉफी थांबवली, आणि दीड दिवसात जवळजवळ सगळी लक्षणे गेली.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते त्या चुकीच्या निदानाचे पटण्याजोगे असणे. आजच्या काळात कुणाच्याही आयुष्यात चिंतेला जागा सापडते. नोकरीची शाश्वती नाही, घराचे हप्ते आहेत, मुलांच्या प्रवेशाचे झंझट आहे. त्यामुळे डॉक्टर 'टेन्शन घेऊ नका' म्हणाले की रुग्णाला ते खरेच वाटते. तो खोदून बघत नाही, डॉक्टरही बघत नाहीत.

ज्यांना पॅनिक डिसऑर्डर आहे, म्हणजे अचानक घबराटीचे झटके येतात, त्यांच्यावर कॅफिनचा परिणाम मोजणारे बरेच प्रयोग झाले. २०२२ साली ते एकत्र करून पाहिले गेले. साधारण पाच कप कॉफीएवढ्या डोसनंतर या रुग्णांपैकी निम्म्या लोकांना झटका आला. निरोगी माणसांत हे प्रमाण दोन टक्क्यांच्याही आत होते. म्हणजे एकच कप दोन माणसांत दोन वेगळी कामे करतो. यात जनुकांचाही हात आहे. ॲडिनोसिनच्या ग्राहकाचे जनुक काही लोकांत थोडे वेगळे असते, आणि कॅफिनची फारशी सवय नसलेल्या अशा लोकांना दीडशे मिलिग्रॅमनेही इतरांपेक्षा जास्त घालमेल होते, हे २००३ मध्ये दिसून आले. शेजारच्या टेबलावरचा माणूस रात्री अकराला कॉफी पिऊन ढाराढूर झोपतो, म्हणून तुमचा त्रास मनाचा खेळ ठरत नाही.

यावर हरकत येणार ती मला ठाऊक आहे. आपला चहा कुठे आणि त्यांची कॉफी कुठे! आपले कप छोटे, त्यात अर्धे दूध. पिढ्यान् पिढ्या लोक चहा पीत आले, कुणाला वेड लागले? हरकत खोटी नाही. कपभर चहात साधारण तीस ते पन्नास मिलिग्रॅम कॅफिन असते, कटिंगमध्ये त्याहून कमी. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला चारशे मिलिग्रॅमपर्यंत चिंता नाही असे सांगितले, आणि तीन-चार कप चहा त्याच्या कितीतरी आत बसतो. शिवाय रोज पिणाऱ्याला सवय होते. ज्यांच्या जनुकांत घबराटीची ओढ आहे त्यांचीही नियमित पिण्याने घालमेल कमी होते, हेही संशोधनातच दिसले आहे. चहामुळे माणसे बोलती होतात, थांबतात, एकमेकांची विचारपूस करतात. चहा सोडा, असे मी कुणालाही सांगणार नाही.

पण आपण खरोखर तीन-चार कपच पितो का? पुण्यात सदाशिव पेठेत, नवी पेठेत रात्री दहानंतर फिरून पाहा. अभ्यासिकांचे दिवे चालू असतात, खाली टपरीवर पातेले उकळत असते. बीड, लातूर, नांदेडहून आलेली पोरे दर दोन तासांनी खाली उतरतात, कटिंग घेतात, चालू घडामोडींवर दोन शब्द बोलतात आणि पुन्हा वर जातात. चहा पातेल्यात उकळत राहतो, पावडर वरचेवर पडते, त्यामुळे तो कपही पुस्तकातल्या मोजमापाचा राहत नाही. परीक्षा जवळ आली की चहासोबत एनर्जी ड्रिंक येते. डोके ठणकले तर गोळी, आणि डोकेदुखीच्या काही लोकप्रिय गोळ्यांतही पन्नास मिलिग्रॅमच्या आसपास कॅफिन असतेच. तिन्हींची बेरीज कुणी करत नाही, कारण तिन्ही वेगवेगळ्या खणांत ठेवलेल्या गोष्टी आहेत: चहा म्हणजे विरंगुळा, बाटली म्हणजे ताकद, गोळी म्हणजे औषध.

माझ्या ओळखीतला एक मुलगा पूर्वपरीक्षेच्या दोन महिने आधी रात्री दचकून उठू लागला. छाती इतकी धडधडे की हार्ट अटॅकच आला असे वाटून खोलीवरच्या मित्रांनी त्याला मध्यरात्री रिक्षात घालून नेले. ईसीजी नीट आला, रक्त नीट आले. मनाला शांत करणारी गोळी सुरू झाली. गोळीने दिवसा गुंगी येऊ लागली, आणि गुंगी घालवायला तो आणखी चहा पिऊ लागला. घरी वडिलांना वाटले, पोराला ताण झेपत नाही, परत बोलवावे. त्याला परीक्षेचा ताण होताच, तो मी नाकारत नाही. पण नेणाऱ्या मित्रांपासून तपासणाऱ्या डॉक्टरांपर्यंत एकानेही, 'दिवसभरात काय काय पितोस, शेवटचे किती वाजता?' असे विचारले नाही. कॅफिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. रात्री अकराला घेतलेल्याचा निम्मा हिस्सा पहाटे चारला रक्तात फिरतच असतो. अपुऱ्या झोपेने दुसऱ्या दिवशीची घालमेल वाढते, ती मोडायला पुन्हा चहा.

उलट बाजूही बघा. हरतालिकेला निर्जळी उपवास करणाऱ्या बायकांचे डोके संध्याकाळी ठणकू लागते. मळमळते, बोलणे नकोसे होते. पित्त झाले, असे सगळे म्हणतात. उपाशीपोटी राहण्याचा, पाणी न पिण्याचा त्यात वाटा असेलच. पण जिला रोज सकाळी उठल्याउठल्या आणि दुपारी चारला चहा लागतो, तिचा शेवटचा कप आदल्या दिवशीचा असतो, आणि बारा ते चोवीस तासांचा तो काटा बरोबर त्याच वेळेवर येतो. हे एकदा कळले की भीती कमी होते. म्हणूनच चहा-कॉफी कमी करायची असेल तर एकदम सोडू नये. आठ-पंधरा दिवसांत एकेक कप कमी करावा, आधी संध्याकाळचा. एकदम सोडणाऱ्याला दुसऱ्या दिवशी जी चिडचिड आणि अस्वस्थता येते, ती त्याला आपला आजार बळावल्यासारखी वाटते, आणि तो घाबरून पुन्हा कपाकडे वळतो.

आता मुलांचा प्रश्न. इथे मात्र मला वाट पाहणे मान्य नाही. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत कॅफिनयुक्त पेयांसाठी लिटरमागे १४५ ते ३०० मिलिग्रॅम अशी मर्यादा आहे. बाटलीवर मुलांसाठी, गर्भवती आणि स्तनदा मातांसाठी शिफारस नाही आणि दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त घेऊ नये, असे छापावे लागते. छापलेले असते, बारीक इंग्रजी अक्षरांत, वक्र पृष्ठभागावर. २५० मिलिलिटरच्या बाटलीत पंचाहत्तर मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन असू शकते. युरोपीय संस्थेने मुलांसाठी वजनाच्या किलोमागे तीन मिलिग्रॅम हा निकष धरला आहे. चाळीस किलो वजनाच्या आठवीतल्या मुलासाठी ते होतात एकशे वीस. एक बाटली आणि घरचे दोन कप चहा झाले की तो त्याच्या पलीकडे गेला. ही बाटली वीस रुपयांना मिळते, शाळेच्या डब्यातल्या वडापावइतकी स्वस्त, आणि तिच्या जाहिरातीत मुलांचे आवडते नट धावत असतात.

२०२४ च्या जुलैमध्ये विधान परिषदेत हा विषय निघाला, तेव्हा त्या वेळचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या पाचशे मीटर परिसरात अशा जास्त कॅफिनच्या पेयांच्या विक्रीवर बंदी आणण्याची घोषणा केली. विषय सभागृहात आला याचे मला समाधान आहे. पण मीटरने हा प्रश्न सुटणार नाही. मुलगा शाळेतून क्लासला जातो, क्लासमधून टर्फवर, आणि घरी बसून मोबाइलवर मागवले तर दहा मिनिटांत बाटली दारात येते. अंतराची बंदी टपरीवाल्याला त्रास देते आणि मुलाला पाच मिनिटे जास्त चालायला लावते. लिथुआनियाने २०१४ मध्ये, लॅटव्हियाने २०१६ मध्ये आणि पोलंडने २०२४ च्या जानेवारीपासून अठरा वर्षांखालच्यांना एनर्जी ड्रिंक विकण्यावरच बंदी घातली. आपल्यालाही तेच करायला हवे: अट वयाची, दुकानालाही आणि ॲपलाही. आणि प्रत्येक बाटलीच्या दर्शनी भागावर, मराठीत, ठळक आकड्यात, 'या बाटलीत इतके मिलिग्रॅम कॅफिन'. लिटरमागचे गणित मुलांना घालू नका, अख्ख्या बाटलीचे सांगा. मोठ्या कॅफेंच्या पाट्यांवरही कपागणिक हा आकडा लिहिला जावा. तिथल्या एका मोठ्या कॉफीत घरच्या चार कप चहाएवढे कॅफिन सहज असते, आणि कॉलेजमधली मुले ती आइस्क्रीमसारखी पितात.

प्रौढांना बंदी नको, माहिती हवी. आणि माहितीची खरी जागा डॉक्टरांची खोली आहे, कारण कॅफिनचा हिशेब नुसता कपांवर ठरत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रीच्या शरीरात ते जवळजवळ दुप्पट वेळ रेंगाळते, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्याहूनही जास्त. सिगारेट ओढणाऱ्याचे यकृत कॅफिन भराभर संपवते. त्याने सिगारेट सोडली की तेवढ्याच चहाने रक्तातले कॅफिन जवळपास दुप्पट होते, आणि तो अस्वस्थपणा तंबाखू सुटल्याचा समजून बिचारा पुन्हा सिगारेट पेटवतो. मंत्रचळासाठी, म्हणजे ओसीडीसाठी, फ्लूवोक्सामिन नावाचे औषध देतात. त्याने कॅफिन निम्मे होण्याचा काळ पाच तासांवरून तीस तासांपर्यंत जाऊ शकतो. म्हणजे ज्याच्यावर चिंतेचा इलाज चालू आहे, त्याच्याच रक्तात चिंता वाढवणारा पदार्थ दिवसेंदिवस साठत जातो. त्या रुग्णाला औषध लिहून देताना 'चहा किती घेता?' हे न विचारणे म्हणजे अर्धा इलाज करणे होय.

सरकारी रुग्णालयातल्या ओपीडीत एका रुग्णाला दोन-तीन मिनिटे मिळतात, हे मी पाहिले आहे. तिथे बसलेल्या तरुण डॉक्टरांवर आणखी ओझे टाकावे असे मला वाटत नाही. पण हे काम डॉक्टरांच्या मिनिटांतून काढायची गरजच नाही. वजन आणि रक्तदाब घेणाऱ्या परिचारिका केसपेपरवर तंबाखू आणि दारूचे रकाने भरतातच, त्यांच्याखाली एक रकाना वाढवायचा: चहा, कॉफी, कोल्ड्रिंक, एनर्जी ड्रिंक, डोकेदुखीची गोळी, दिवसातून किती, शेवटची किती वाजता. ज्याच्या रकान्यात आकडा मोठा निघेल, त्याला चिंतेची गोळी लिहिण्यापूर्वी दोन आठवडे चहा हळूहळू उतरवायला सांगून परत बोलवता येईल. ज्याची घबराट तरीही राहील, त्याचा आजार खरा आहे, आणि त्याला औषध, समुपदेशन सगळे मिळायला हवे. ज्यांची औषधे आधीच चालू आहेत, त्यांनी हा लेख वाचून ती थांबवू नयेत. पुढच्या वेळी जाताना आठवडाभराची चहा-कॉफीची नोंद कागदावर लिहून न्यावी आणि डॉक्टरांपुढे ठेवावी.